अमेरिकेत गाडी ठोकली तर इन्शुरन्स नक्की काय देतो (नवीन आलेल्यांसाठी)

नवीन आलेल्या मुलांचा अपघातानंतर फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "दादा, माझं फुल कव्हरेज आहे, मग सगळं मिळेल ना?" तर फुल कव्हरेज ही नुसती बोलायची पद्धत आहे, पॉलिसीत त्या नावाचं काही नसतं. कंपनीच्या ॲपमध्ये डेक्लरेशन पेज असतं ते आजच काढा आणि त्यावर कुठली कव्हर्स आहेत, किती आकडा आहे ते बघा. मी कॅलिफोर्नियात राहतो म्हणून इथले आकडे आणि नियम देतोय, तुमच्या स्टेटचे वेगळे असतील.

सगळ्यात महत्त्वाचं लायबिलिटी. चूक तुमची असेल तर समोरच्याचं नुकसान यातून भरतात, तुमच्या गाडीला यातून एक डॉलरही नाही. भारतात थर्ड पार्टीमध्ये माणूस जखमी झाला किंवा गेला तर भरपाईला वरची मर्यादा नसते, त्यामुळे थर्ड पार्टी आहे ना मग झालं, अशी आपल्याला सवय असते. इथे मर्यादा असते, आणि किमान कव्हर घेतलं तर ती फारच कमी असते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून किमान ३०/६०/१५ आहे, म्हणजे एका जखमी माणसामागे ३० हजार डॉलर, सगळे जखमी मिळून ६० हजार आणि गाडी वगैरे मालमत्तेचे १५ हजार. त्याआधी तर १५/३०/५ होतं. आता विचार करा, समोर नवीन टेस्ला असेल आणि आतल्याला ऑपरेशन लागलं तर १५ आणि ३० हजारात काय होणार, वरचे पैसे कोर्टातून तुमच्याकडून मागता येतात, तुमच्या बचतीतून, पगारातून. म्हणून माझं कळकळीचं सांगणं, प्रीमियम वाचवायचा असेल तर डिडक्टिबल (स्वतःच्या गाडीच्या क्लेममध्ये आधी आपण भरायची रक्कम) वाढवा पण लायबिलिटी किमान ठेवू नका, १००/३०० घ्यायला पैसे दुप्पट-तिप्पट होत नाहीत, कोट मागून बघा.

तुमच्या स्वतःच्या गाडीसाठी कोलिजन. चूक कोणाचीही असो, डिडक्टिबल वजा करून दुरुस्ती मिळते. चूक समोरच्याची असेल तर तुमची कंपनी नंतर त्याच्या कंपनीकडून वसुली करते आणि त्यात डिडक्टिबलही परत मिळू शकतं. हरीण धडकलं, काच फुटली, गाडी चोरीला गेली तर ते कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये, पण हरणाला चुकवायला गेलात आणि झाडावर आदळलात तर कोलिजन. गाडीतला लॅपटॉप चोरीला गेला तर तो यात नाही, ते रेंटर्स इन्शुरन्सचं (भाड्याच्या घरातल्या सामानाच्या विम्याचं) काम.

गाडी टोटल झाली, म्हणजे दुरुस्त करणं परवडणार नाही इतकी मोडली, तर अपघाताच्या आदल्या क्षणी तिची बाजारात जी किंमत होती तेवढीच मिळते. आपल्याकडे आयडीव्ही (गाडीची ठरवलेली किंमत) पॉलिसीवर आधीच छापलेला असतो तसं इथे साधारणपणे नसतं, आकडा नंतर ठरतो, त्यामुळे पटला नाही तर तसल्याच मॉडेलच्या, तेवढ्याच मायलेजच्या गाड्यांच्या जाहिराती पाठवून भांडा, वाढवून मिळतं बऱ्याचदा. लोन जास्त आणि किंमत कमी असेल तर उरलेले हप्ते तुमच्याच डोक्यावर, त्यासाठी गॅप कव्हर.

अनइन्शुअर्ड मोटरिस्ट कव्हर काढून टाकू नका, कंपनीला ते द्यावंच लागतं आणि नको असेल तर लेखी नकार घेतात, एजंट घाईत तिथेही सही घेतो. चूक समोरच्याची आणि तो विनाइन्शुरन्स निघाला की तुमच्या दवाखान्याचा खर्च यातून मिळतो. आणि आई-बाबा येणार असतील तर मेडिकल पेमेंट्स घ्या, गाडीत बसलेल्यांचा उपचार चूक कोणाचीही असली तरी ठरलेल्या रकमेपर्यंत मिळतो.

उबर किंवा फूड डिलिव्हरी करताना ठोकलीत तर साधी पॉलिसी बहुतेक हात वर करते, आधी विचारून जादा कव्हर जोडा. तुमची गाडी दुरुस्तीला असताना वापरायला भाड्याची गाडीही वेगळं कव्हर घेतलं असेल तरच, आणि रोजच्या भाड्याला मर्यादा असते.

अपघात झाल्यावर स्वतःच्या कंपनीला लगेच कळवा आणि खरं सांगा. समोरच्याची कंपनी रेकॉर्डेड स्टेटमेंट मागेल, ते द्यायची सक्ती नाही, माझ्या कंपनीशी बोला म्हणायचं. गॅरेजही तुम्ही निवडू शकता, त्यांच्याच यादीतलं घ्यायची सक्ती नाही. कोणी जखमी असेल किंवा कोणाचंही नुकसान १००० डॉलरच्या वर असेल तर १० दिवसांत डीएमव्हीला (इथलं आरटीओ) अपघात कळवणारा एसआर-१ फॉर्म द्यावा लागतो, पोलीस आले होते तरी, आणि चूक कोणाची हे इथे बघत नाहीत. आणि बाळाची कार सीट अपघाताच्या वेळी वापरात असेल तर क्लेममध्ये तीही लिहा, इथे कायद्यानेच ती बदलून मिळते पण लोक मागायलाच विसरतात आणि तीच जुनी सीट परत वापरतात.