मगधाचा उदय: सनावळी पाठ करण्याआधी बेरीज करा

सोळा महाजनपदं, बिंबिसार, अजातशत्रू, नंद आणि मग चंद्रगुप्त, एवढी साखळी तुम्हाला येते असं धरू. शाळेपासून कानावर असते, म्हणून हा घटक दोन दिवसांत उरकायचा आणि मौर्यांवर महिनाभर बसायचं, असा सर्रास बेत असतो. ओळखीचं वाटतं ते येतंच असं नाही, आणि मुख्य परीक्षेत हे पहिल्याच प्रश्नात कळतं.

मोठा खड्डा आहे सनावळीचा. तो जरा लांबण लावूनच सांगावा लागेल.

इ.स.पू. ५४४ हा आकडा घ्या. एका पुस्तकात ते बिंबिसाराच्या राज्यारोहणाचं साल असतं. दुसऱ्या पुस्तकात ५४४ किंवा ५४३ हे बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचं साल असतं. दोन्ही एकाच वहीत उतरवलं की बिंबिसार गादीवर बसतो आणि त्याच वर्षी बुद्ध जातात. मग बिंबिसाराने बुद्धाला दिलेलं वेळुवन, म्हणजे राजगृहाजवळचं बांबूचं बन, दान दिलं कोणी आणि कोणाला? हे कोडं कितीही उजळणी केली तरी सुटत नाही, कारण घोळ पाठांतराचा नसतोच.

सिंहली परंपरा सांगते की बुद्ध बिंबिसारापेक्षा पाच वर्षांनी मोठे. बिंबिसार पंधराव्या वर्षी राजा झाला, त्याने ५२ वर्षं राज्य केलं आणि अजातशत्रूच्या आठव्या वर्षी निर्वाण झालं. ५२ आणि ८ मिळून राज्यारोहण ते निर्वाण हे अंतर ६० वर्षं. आता हीच परंपरा निर्वाण ५४४-४३ ला धरते, तर बरेच आधुनिक अभ्यासक ४८३ ला. हा फरकही नेमका ६० वर्षांच्या घरातला! त्यामुळे एका गणनेतलं निर्वाण दुसऱ्या गणनेतल्या राज्यारोहणावर येऊन बसतं. गोंधळ उडणार नाही तर काय होईल?

उपाय साधा आहे. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात 'निर्वाण = ४८३' लिहा आणि तिथून पुढे महावंस या सिंहली बखरीतली राज्यवर्षं स्वतःच्या हाताने मिळवत जा. अजातशत्रूची उरलेली २४, उदायी १६, अनुरुद्ध आणि मुंड मिळून ८, नागदासक २४, शिशुनाग १८, कालाशोक २८, त्याचे दहा मुलगे २२, नऊ नंद २२, चंद्रगुप्त २४, बिंदुसार २८, आणि अशोकाच्या अभिषेकाआधीची ४. बेरीज २१८ यायला हवी. नसेल आली तर एखादा राजा गळलाय. ४८३ मधून २१८ वजा केले की अशोकाचा अभिषेक २६५ ला येतो. नंदांपर्यंतची १६२ वजा केली की चंद्रगुप्त ३२१ ला. कालाशोकाच्या दहाव्या वर्षी बरोबर १०० भरतात, म्हणजे वैशालीची दुसरी संगीती (बौद्ध भिक्खूंची धर्मसभा). एकदा हे जुळलं की तारखा पाठ कराव्या लागत नाहीत.

पुस्तकात ४८६ दिसलं तर घाबरू नका. चीनमधल्या कँटनच्या 'बिंदूंच्या नोंदी'त निर्वाणापासून दर वर्षाला एक असे इ.स. ४८९ पर्यंत ९७५ ठिपके होते, त्यावरून ते साल निघतं. दोन-तीन वर्षं मागेपुढे चालतात. साठ वर्षं चालत नाहीत.

दुसरा खड्डा राजांच्या क्रमाचा. पुराणं शिशुनागाला बिंबिसाराच्या आधी बसवतात, अजातशत्रूनंतर दर्शक नावाचा राजा आणतात, आणि अवंतीच्या प्रद्योतांना चक्क मगधाच्या वंशावळीत घुसवतात. नंदांना पुराणांत मिळून १०० वर्षं आहेत, महावंसात २२. जैन ग्रंथांत बिंबिसार 'श्रेणिक' आहे आणि अजातशत्रू 'कूणिक'. तीन रकाने पाडा: बौद्ध, जैन, पुराण. वंशक्रमासाठी बहुतेक अभ्यासक बौद्ध यादीवर भर देतात, तुम्हीही तीच कणा धरा. तयार पीडीएफमध्ये हे तिन्ही रकाने ढवळून एकच यादी केलेली असते, म्हणून त्या नोट्सवर मगध करू नका. बाकी घटकांना वापरा हवं तर.

उदयाची कारणं विचारली की लोखंड, हत्ती, सुपीक जमीन आणि नद्या हे चार मुद्दे सगळेच लिहितात. क्लासमध्येही हेच चार फळ्यावर पडतात. चुकीचे नाहीत, पण अपुरे आहेत. लोखंडाची खनिजं काही एकट्या मगधाच्या हद्दीत नव्हती, आणि गंगा तर शेजारच्या अंग राज्याच्या दारातूनही वाहत होती. तिथे राजांच्या चाली लिहा. बिंबिसाराने अंग जिंकला तेव्हा चंपा बंदर आणि पूर्वेकडचा व्यापार हातात आला. कोसलच्या राजा प्रसेनजिताची बहीण कोसलदेवी बिंबिसाराची राणी झाली, तिच्याबरोबर तिच्या स्नान-सुगंधाच्या खर्चासाठी काशीतलं लाखाच्या उत्पन्नाचं गाव आलं. बिंबिसाराच्या मृत्यूनंतर प्रसेनजिताने ते काढून घेतलं, त्यावरून अजातशत्रूशी युद्ध पेटलं आणि शेवटी प्रसेनजिताने आपली मुलगी वजिरा अजातशत्रूला दिली, तिच्याबरोबर ते परत मिळालं. अवंतीशी भांडण नको म्हणून बिंबिसाराने आजारी प्रद्योताकडे जीवक वैद्य पाठवला. यातल्या दोन गोष्टी आल्या तरी उत्तराला वजन येतं.

वज्जींचं, म्हणजे वैशालीच्या गणसंघाशी अजातशत्रूने केलेलं युद्ध लिहिताना पाटलिग्राम (पुढचं पाटलिपुत्र) विसरू नका. सुनीध आणि वस्सकार या अमात्यांनी तिथे गंगेकाठी किल्ला बांधला तो पलीकडच्या वज्जींना रोखायला. राजधानी उदायीने नेली. किल्ला अजातशत्रूच्या काळातला, राजधानी उदायीची, हे उलटं लिहिलं की तपासणारा लगेच थांबतो. महाशिलाकंटक आणि रथमुसल ही यंत्रं जैन भगवती सूत्रातली आहेत, बौद्ध ग्रंथाच्या नावावर खपवू नका.

नंदांच्या सैन्याचे आकडेही स्रोतासकट लिहा. रोमन इतिहासकार कर्टियस २ लाख पायदळ, २० हजार घोडदळ, २ हजार रथ आणि ३ हजार हत्ती देतो. ग्रीक लेखक प्लुटार्क पायदळ तेवढंच ठेवून हत्ती ६ हजार करतो. नंदांचा मागमूस कलिंगात हवा असेल तर तिथला राजा खारवेल याचा हाथीगुंफा लेख आहे, त्यात नंदराजाने खोदलेल्या कालव्याचा उल्लेख येतो.

राहिला नकाशा. रोज एक कोरा कागद, आधी फक्त नद्या: गंगा, शोण, गंडक, आणि अंग व मगध यांच्या सीमेवरची चंपा. मगच शहरं. वैशाली गंगेच्या दक्षिणेला पडली तर तो कागद फाडा. पाच टेकड्यांच्या कुशीतलं राजगृह आणि नदीकाठचं पाटलिपुत्र यांत बोटभर अंतर ठेवा. शहरांची नावं डोक्यात बसत नसतील तर सुत्तनिपात या बौद्ध ग्रंथातली, बावरी या ब्राह्मणाच्या सोळा शिष्यांची वाट धरा. बावरी गोदावरीकाठचा, अश्मकाच्या मुलखातला. त्याचे शिष्य आपल्या पैठणहून निघतात आणि माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कौशांबी, साकेत, श्रावस्ती, कपिलवस्तू, कुशिनारा, वैशाली असं करत मगधात उतरतात. पेन्सिलीने ही रेघ रोज एकदा ओढा. आठवड्याभरात अर्धा उत्तर भारत न बघता काढता येईल. साकेतपाशी मात्र हात हमखास अडखळतो.