पावसात गिअर अडतोय? स्क्रू फिरवण्याआधी या चुका टाळा

जुलैत त्र्यंबकेश्वरला सायकलनं जाऊन आलं की मागचं चाक चिखलानं माखतं आणि दुसऱ्या दिवशी गिअर नीट पडत नाही. मग डिरेलरवरचे, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांवर चेन सरकवणाऱ्या भागावरचे, ‘एच’ आणि ‘एल’ लिहिलेले दोन स्क्रू फिरवले जातात. पावसाळ्यातली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ते स्क्रू फक्त डिरेलरची दोन्ही टोकांची हद्द ठरवतात. ‘एल’ जास्त सैल झाला तर चेन मोठ्या चकतीवरून थेट स्पोकमध्ये घुसते, मग डिरेलरही जातो आणि चाकही.

दोष बहुतेक वेळा केबलचा असतो. चेन मोठ्या चकतीवर पटकन चढते, पण लहान चकतीवर उतरताना रेंगाळते का, ते बघा. चढवताना केबल तुमचा अंगठा ओढतो. उतरताना ते काम डिरेलरमधल्या एकट्या स्प्रिंगचं असतं, आणि केबलच्या कव्हरमध्ये पाणी-माती गेली की तिचा जोर पुरत नाही. मागच्या चाकाजवळ कव्हरला बाक असतो, तिथं पाणी साचतं. चेन मोठ्या चकतीवर आणा, मग पेडल न मारता शिफ्टर (हँडलवरचा गिअरचा खटका) लहान चकतीच्या गिअरवर न्या. केबल सैल पडते. फ्रेमवर कव्हर अडकवायच्या जागी खाचा असतील तर कव्हर सोडवा, केबल पुसा, तेलाचा हात द्या. गंज दिसला तर केबल आणि कव्हर दोन्ही बदला.

चेन ओली असताना तेल घालू नका. आधी कोरडी पुसा, मग प्रत्येक रोलरवर एक थेंब, आणि बाहेरचं तेल पुसून टाका. नाहीतर त्यावर माती बसते.

नाशिकच्या सातपूर-अंबडला रोज ड्यूटीवर जाणाऱ्याला मी हबमधले, म्हणजे मागच्या चाकाच्या मधल्या बंद भागातले, गिअर घ्यायला सांगेन, चिखल तिथं सहज पोचत नाही. पण ‘आतून बंद आहे, बघायला नको’ हा समज हब खातो. मोटारसायकलच्या वॉशिंगवाल्याकडे जेटखाली हब धुऊ नका, पाणी सीलमधून आत शिरतं. तुंबलेल्या पाण्यातही तेच: गरम झालेला हब गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. शिमानोच्या ८ गिअरच्या नेक्सस हबची आतली सर्व्हिसिंग साधारण २ वर्षांनी किंवा ५,००० किलोमीटरनंतर करतात, पण हब पाण्यात बुडाला असेल तर तेवढं थांबू नका.

पेडल घसरत असेल तर जोर लावून दामटू नका, आतले दाते झिजतात. याच नेक्ससमध्ये शिफ्टर ४ वर ठेवा आणि हबवरच्या पिवळ्या खुणा समोरासमोर येतात का, ते बघा. नसतील तर केबलचा ॲडजस्टर थोडा थोडा फिरवा, १ वर नेऊन परत ४ वर आणा आणि पुन्हा तपासा.

पंक्चर काढल्यावर ॲक्सलचे न फिरणारे वॉशर ज्या बाजूचे त्याच बाजूला बसवा. ते उलटसुलट झाले तर गिअर नीट पडत नाही.