घरच्या धंद्याचा इतिहास लिहायचाय? व्हिस्कीवाल्या घराण्यांकडून शिका

इंदूरला आपल्या मराठी घरांमधे दोन-तीन पिढ्यांचे धंदे बरेच आहेत, कोणाचं प्रेस, कोणाची सराफ्यात पेढी, कोणाची सियागंजला अडत, पण लिहून ठेवलेलं कुठेच नसतं, आणि आजोबा गेले की सगळंच गेलं. म्हणून सांगतोय कसं करायचं ते. उदाहरणं व्हिस्कीची घेतलीत कारण ही मंडळी आपलं घराणं थेट बाटलीवर छापतात, आणि छापलेल्याच्या मागे काय असतं ते त्यात चांगलं दिसतं.

स्थापनेच्या वर्षापासून सुरुवात करूच नका. आधी विचारा, धंदा बंद कधी पडला होता? अमेरिकेतल्या केंटकीचे बीम लोक, म्हणजे जिम बीम व्हिस्कीवाले, १७९५ पासून मोजतात, पण त्या घराची खरी परीक्षा झाली १९२० ते १९३३, तिकडे दारूबंदी होती तेव्हा. जिम बीमने संत्री-मोसंबीचे बाग करून बघितले, खाण करून बघितली, काही जमलं नाही, आणि बंदी उठल्यावर सत्तरीच्या आसपास असताना त्याने परत डिस्टिलरी, म्हणजे दारू गाळायचा कारखाना, उभी केली. आपल्याकडे हेच विचारायचं, १९४८ ला होळकर रियासत गेली तेव्हा गिऱ्हाईक कोण उरलं, मिल्स बंद पडल्या तेव्हा उधारी बुडाली का. आजी-काकूंना हे जास्त आठवतं, कारण त्या वर्षी दागिने कोणाचे मोडले ते त्यांनाच माहीत असतं.

मग वंशावळ काढा, पण दोन वेगवेगळ्या, एक मालकीची आणि एक हुनराची. बीमची कंपनी १९४५ मधे घराबाहेर गेली, २०१४ पासून जपानच्या सनटोरीकडे आहे, तरी व्हिस्की बनवणारे घरातलेच राहिले. त्यातला बुकर नो हा जिमच्या मुलीचा मुलगा, म्हणून आडनाव बदललं. नुसते मुलगे लिहिले असते तर तो सुटलाच असता ना! तर लेकी, जावई, भाचे सगळे लिहा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, कारागीर. अमेरिकेतलाच दुसरा व्हिस्कीवाला जॅक डॅनियल, त्याला दारू गाळायला शिकवलं नियरेस्ट ग्रीनने, जो तेव्हा गुलाम होता. पुढे जॅकने स्वतःचं काम काढलं तेव्हा पहिला मास्टर डिस्टिलर, म्हणजे दारू गाळणाऱ्यांचा मुख्य कारागीर, हा ग्रीनच, त्याचे मुलगेही तिथे कामाला होते, पण कंपनीने त्याचं श्रेय उघडपणे मानलं ते २०१६ मधे. आपल्या दुकानात पण कोणी मुनीमजी असतील, कोणी मिस्त्री, ज्यांनी काकांना हातात धरून शिकवलं. त्यांचं नाव, गाव, किती वर्षं होते, सगळं लिहा, त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या मुलांशी बोला. हे नाही केलं तर तुमचा इतिहास अर्धाच आहे असं मला मनापासून वाटतं.

धंदा चालतो कसा तेही विचारा. बंगलोरची अमृत ही व्हिस्कीची कंपनी बघा, जगदाळे घराणं, १९४८ ची सुरुवात. स्कॉटलंडला मुरायला ठेवलेल्या पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के व्हिस्की उडून जाते, बंगलोरच्या हवेत १० ते १२, म्हणून तिथे माल लवकर मुरतो आणि फार वर्षं ठेवणं परवडतच नाही. तिसऱ्या पिढीतल्या रक्षित जगदाळेंनी इंग्लंडमधे शिकत असताना तिथल्या इंडियन रेस्टॉरंट्समधे ही व्हिस्की चालेल का ते पाहिलं, आणि २००४ मधे ती सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत नुसत्या माल्ट केलेल्या धान्याची व्हिस्की) आली थेट स्कॉटलंडच्या ग्लासगोत. तुमच्याकडे पण पावसाळ्यात कुठला माल खराब व्हायचा, कच्चा माल कुठून यायचा, नवीन काय कोणी आणलं, हे विचाराच.

कागदांचं थोडक्यात: जुन्या बहीत विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा (जानेवारी ते मार्चमधली नोंद असेल तर ५६), शके असेल तर ७८ मिळवा (जानेवारी ते मार्चमधली नोंद असेल तर ७९). मोडी वाचता येत नसेल तर फोटो काढून जाणकाराला दाखवा, मूळ कागद हातातून देऊ नका आणि लॅमिनेट तर अजिबात करू नका.

बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा, सुरुवातीलाच तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव बोलून घ्या. दोघांची गोष्ट जुळत नसेल तर दोन्ही ठेवा, कोणी काय सांगितलं ते लिहून. एक कॉपी आत्याकडे पण पाठवा, चुका तीच काढेल.