एमबीए कॉलेजच्या ब्रोशरवरचे शिक्के कसे वाचायचे

मागच्या रविवारी मामेबहीण पोरीला घेऊन आली, सीईटीचा स्कोअर बरा आलाय आणि हातात तीन कॉलेजांची गुळगुळीत ब्रोशरं. एकाच्या मागच्या पानावर मी मोजले तर नऊ लोगो. "मामा, एवढ्यांनी शिक्का दिलाय म्हणजे चांगलंच असणार ना?" आता मी सहा वर्षं एका कॉलेजच्या आयक्यूएसीत, म्हणजे मानांकनाची कागदपत्रं सांभाळणाऱ्या गुणवत्ता कक्षात, फायली लावण्यात घालवलीयेत, त्यामुळे म्हटलं बस, चहा होईपर्यंत बघून टाकू. नऊपैकी कामाचे दोन निघाले.

प्रत्येक शिक्क्याला तीनच गोष्टी विचारायच्या: कोणी दिला, कशाला दिला आणि कधीपर्यंत चालतो.

सगळ्यात आधी एआयसीटीई, म्हणजे तंत्र आणि व्यवस्थापन शिक्षणाची केंद्रीय परिषद. हे मानांकन नाहीच, ही परवानगी आहे, म्हणजे हॉटेलला लायसन्स मिळालं तसं, जेवण कसं आहे ते त्यावरून कळत नाही. कॉलेजकडे अप्रूव्हलचं पत्र मागा, त्यात कोर्सचं नाव आणि इनटेक, म्हणजे किती जागा, लिहिलेला असतो, तुम्हाला विकतायत तोच कोर्स त्यात आहे का आणि पत्र चालू वर्षाला लागू आहे का एवढं बघा. विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागात जाणार असाल आणि हे पत्र दिसलं नाही तर घाबरू नका, विद्यापीठांना एआयसीटीईची आधी परवानगी घ्यावी लागत नाही असा सुप्रीम कोर्टाचा २००१ चा निकाल आहे. पण स्वायत्त संस्थेचा पीजीडीएम (एमबीएसारखाच, पण डिप्लोमा) असेल तर हे पत्र हवंच, आणि पुढे पीएचडी किंवा सरकारी नोकरी डोक्यात असेल तर एआययूची (विद्यापीठांच्या संघटनेची) समकक्षता, म्हणजे हा डिप्लोमा एमबीएच्या बरोबरीचा अशी मान्यता, आहे का तेही आत्ताच विचारून घ्या, नंतर फार पळापळ होते.

मग नॅक आणि एनबीए, मानांकन देणाऱ्या आपल्याकडच्या दोन संस्था. दोन्ही १९९४ चे, पण काम वेगळं. नॅक अख्ख्या संस्थेला ग्रेड देतं, एनबीए एकेका कोर्सला मानांकन देतं. इथेच लोक फसतात. आर्ट्स-कॉमर्स-सायन्सचं जुनं नावाजलेलं कॉलेज, त्याला ए प्लस, आणि मागच्या बिल्डिंगमध्ये परवा सुरू झालेलं एमबीए त्याच ए प्लसवर जाहिरात करतं. उलटंही असतं, एनबीए इंजिनिअरिंगच्या दोन ब्रँचना असतं आणि बोर्डवर नुसतं 'एनबीए अ‍ॅक्रेडिटेड' लिहून मोकळे. वर कोणी वॉशिंग्टन अकॉर्डचं नाव घेतलं तर सरळ हसा, तो करार इंजिनिअरिंगचा आहे, एमबीएशी त्याचा काही संबंध नाही. नॅकच्या ग्रेडसोबत सीजीपीए (सरासरी गुण) आणि मुदतीची तारीख मागा. ए प्लस म्हणजे ४ पैकी ३.२६ ते ३.५०, आणि ग्रेड साधारण पाच वर्षं चालते. मुदत संपून गेलेली ग्रेड फाटकावर तशीच रंगवलेली मी डोळ्यांनी पाहिलीये.

ग्रेडवर फार भुलू नका हे मी आतून सांगतोय. आमच्याकडे नॅकची तपासणी करणारी पीअर टीम येणार होती तेव्हा कुंड्या भाड्याने आणलेल्या, नर्सरीचे स्टिकर तसेच होते, ते काढायला सकाळी सात वाजता मी आणि शिपाई. पण त्याच निमित्ताने जे कागद तयार होतात ते तुमच्या फार कामाचे. कॉलेजच्या वेबसाइटवर नॅकचा एसएसआर, म्हणजे कॉलेजने स्वतःबद्दल नॅकला दिलेला अहवाल, शोधा, त्यात पूर्णवेळ शिक्षक किती, कोण सोडून गेलं, प्लेसमेंट किती हे आकड्यात सापडतं. आणि एनआयआरएफ. हे केंद्र सरकारचं रँकिंग आहे, मानांकन नाही, २०१६ पासून दरवर्षी येतं, पण भाग घेणाऱ्या कॉलेजला आपला डेटा वेबसाइटवर टाकावा लागतो आणि त्यात प्लेसमेंट झालेल्या पोरांचा मेडियन पगार, म्हणजे बरोबर मधल्या पोराचा पगार, असतो. ब्रोशरवर 'हायेस्ट पॅकेज' जाडजूड अक्षरात असतं ना, त्याच्या शेजारी हा मेडियन ठेवून बघा, अर्धा निर्णय तिथेच होतो.

आता परदेशी शिक्के. बी-स्कूलना मानांकन देणारे मोठे तीन: अमेरिकेचं एएसीएसबी, १९१६ पासूनचं, ब्रसेल्सच्या ईएफएमडीचं इक्विस, आणि लंडनचं आम्बा, १९६७ चं. तिन्ही मिळाले की ट्रिपल क्राउन म्हणतात, आयआयएम कलकत्ता, आयएसबी, आपल्या अंधेरीचं एसपीजेआयएमआर यांच्याकडे ते आहे. जगात फार थोड्या बी-स्कूलना मिळतं, मग गल्लीतल्या कॉलेजच्या ब्रोशरवर हे लोगो कुठून येतात? मेंबरशिपमधून. एएसीएसबी किंवा ईएफएमडीचं सभासद होणं वेगळं आणि मानांकन मिळणं वेगळं, लायब्ररीचं कार्ड काढलं म्हणून कोणी एमपीएससी पास होत नाही. त्या संस्थांच्या साइटवर मानांकित स्कूल वेगळी शोधता येतात, तिथे नाव टाकून बघायचं, दोन मिनिटांचं काम. अजून एक प्रकार म्हणजे टायअप: शिक्का परदेशी पार्टनरचा, डिग्री मात्र इथलीच. तेव्हा सर्टिफिकेटवर नाव कोणाचं येणार तेच विचारा.

बाहेर जाणाऱ्यांनी थोडं अजून बघा. जर्मनीसाठी अनाबिनवर (परदेशी डिग्र्यांची तिथली सरकारी यादी) तुमच्या इथल्या विद्यापीठाला एच प्लस, म्हणजे मान्यताप्राप्त असा शेरा, आहे का, फ्रान्समध्ये त्या डिग्रीला सरकारी 'ग्राद द मास्तर', म्हणजे मास्टर्सचा दर्जा, आहे का, अमेरिकेत आधी युनिव्हर्सिटीची स्वतःची मान्यता आणि मगच एएसीएसबी.

वर्तमानपत्रं आणि मासिकांचे 'बेस्ट बी-स्कूल' पुरस्कार आणि आयएसओ मी सरळ सोडून देतो.

तर पोरीने तिन्ही कॉलेजांना एकच मेल टाकला: कोणत्या कोर्सला, कोणाचं मानांकन, कोणत्या तारखेपर्यंत, पत्राची कॉपी पाठवा. एकाने दुसऱ्या दिवशी पीडीएफ पाठवल्या. एकाचं अजून काहीच नाही. नऊ लोगोवाल्यांकडून मेलला उत्तर आलं नाही, पण रोज फोन येतो की सीट्स संपत आल्यात.