कुंडीतल्या वेलींना आधार कसा द्यावा

जमिनीत रोवलेल्या काठीला माती घट्ट धरून ठेवते. कुंडीतली माती उथळ आणि भुसभुशीत, त्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळलेलं असेल तर काठी नुसती डुलत राहते. वेल भरात आली की जोराच्या वाऱ्यात कुंडीसकट आडवी होते. म्हणून काठी किती उंच हवी याच्या आधी ती कशाला अडकवणार, हे ठरवा.

वेल चढते कशी, तेही पाहावं लागतं. काकडी, कारली, दोडका, दुधी, वाटाणा हे तणाव्यांनी, म्हणजे वेलीला फुटणाऱ्या दोऱ्यासारख्या बारीक तंतूंनी, पकड घेतात. तणाव्याला सुतळी, तार, जाळीचा दोरा अशा बारीक वस्तू लागतात. वाटाण्याच्या तणाव्याला तर पेन्सिलीएवढी काठीही जाड पडते. वेलघेवड्याला आणि मायाळूला तणावे नसतात, त्यांचं खोडच आधाराभोवती वळसे घेत वर जातं. त्यांना उभी काठी किंवा ताणलेली दोरी पुरते. टोमॅटो यातलं काहीच करत नाही, त्याला बांधावंच लागतं.

आता कामाला लागू. कुंडी आधी कायमच्या जागी ठेवा, मग भरा. मांडव चढल्यावर ती हलवणं जिकिरीचं होतं. काकडी किंवा घेवड्याला 30 सेंटिमीटर रुंद आणि तितकीच खोल कुंडी चालते, दुधी-दोडक्याला 40-45 तरी हवी. आधार बी पेरतानाच लावा. नंतर काठी खुपसली तर मुळं तुटतात.

जवळ ग्रिल, कठडा किंवा भिंतीतला हुक असेल तर सगळ्यात उत्तम. जाळी तिथे वरून ताणून बांधा आणि खालचं टोक कुंडीपर्यंत आणा. वजन मग कुंडीवर येतच नाही. जाळीची घरं 10 ते 15 सेंटिमीटरची घ्या, नाहीतर हात आत जात नाही आणि काकडी अडकून वाकडी होते.

असं काही जवळ नसेल तर तीन-चार बांबू कुंडीच्या कडेने तळापर्यंत उभे करा (पाणी निघायचं भोक सोडून), शेंडे एकत्र बांधा आणि भोवती हातभर अंतरावर सुतळीचे वेढे द्या. बांबू कुंडीच्या काठालाही तारेने आवळा. ही गोष्ट बरेच जण सोडून देतात. उंची हात पोहोचेल तेवढीच ठेवा, वर गेलेला शेंडा खुडला की बगलफुटवे (पानाच्या बगलेतून बाजूला फुटणाऱ्या फांद्या) येतात. दुधीसाठी मात्र या तिवईवर माझा भरवसा नाही.

सुरुवातीला कोवळा शेंडा अलगद आधाराकडे वळवा. पकडलेला तणावा सोडवू नका, तो तुटतो. बांधायला सुती कापडाची पट्टी बरी, तार खोडात रुतते. पट्टी काठीला घट्ट बांधा, एक पीळ द्या आणि खोडाभोवती सैल वळसा घ्या, इतका की बोट आत जाईल. टोमॅटोला दर वीतभर वाढीनंतर नवी गाठ लागते.

दुधी जड होऊ लागला की जुन्या कापडाची झोळी करून त्याला आत बसवा. झोळी वेलीला नव्हे, आधारालाच बांधायची.

हंगाम संपल्यावर हिरवी वेल ओढू नका, जाळी फाटते. खोड बुडाशी कापा, वेल तशीच वाळू द्या. मग ती हाताने चुरगाळून निघते.