होडीच्या इंजिनाचं होनिंग घरच्या घरी

पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की इंजिन उघडायला निवांत वेळ मिळतो. होनिंग म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, म्हणजे बोअरवर, दगडाने बारीक तिरक्या रेघा पाडणं. त्याआधी बोअर गेजने (आतला व्यास मोजायचं साधन) वर, मध्ये, खाली, आडवं-उभं मोजा. ओव्हल (गोलाई बिघडणं) किंवा टेपर (वर-खाली व्यासातला फरक) कंपनीच्या मर्यादेबाहेर असेल तर होनिंगने काही सुधरत नाही. रिबोअर करा (बोअर कापून मोठं करा), नाहीतर लायनर (सिलिंडरची आतली नळी) बदला. हे सगळं कास्ट आयर्नसाठी; निकासिल या कडक थराचं कोटिंग असलेल्या बोअरला हात लावू नका.

क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा) काढलेली बरी, नाहीतर तिचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गुळगुळीत भाग) कापडाने गच्च झाका. ड्रिलला लावायचा तीन दगडांचा होन, 220 ते 240 ग्रिट (दगडाचा खरखरीतपणा), ड्रिल 400 आरपीएमच्या आसपास. तेल सढळ हाताने. ड्रिल फिरत असतानाच एकसारखं खाली-वर करा. रेघा साधारण 45 अंशांत छेदायला हव्यात. आडव्या पडल्या तर हात हळू चालतोय. दगड बोअरच्या टोकाबाहेर सेंटिमीटरभरच काढा. दर 15 सेकंदांनी थांबून बघा, चकाकी गेली की पुरे.

खरी चूक धुण्यात होते. पेट्रोल-डिझेलने दगडाची भुकटी रेघांतून निघत नाही आणि पिस्टनच्या नव्या रिंगा खाते. गरम पाणी, साबण, ब्रश. पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत. पुसून लगेच तेल लावा, खाऱ्या हवेत उघडं बोअर बघता बघता तांबतं.