पावसाळाभर उभा राहिलेला ट्रॅक्टर रब्बीत जुंपण्याआधी चेंबर खोला

परतीचा पाऊस ओसरला की सगळे वाफशाच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. ज्वारी-हरभऱ्याचं रान तयार करायचं असतं आणि पाठोपाठ ऊस वाहतूकही सुरू होणार असते. जूनच्या पेरणीनंतर शेडात उभा असलेला ट्रॅक्टर, किंवा याच दिवसांत बाजारातून आणलेला जुना ट्रॅक्टर, खंडेनवमीला धुऊन हार घालून थेट नांगराला जोडला जातो. वर्षानुवर्षं ऑइल वेळेवर न बदललेलं इंजिन बसतं ते याच आठवड्यांत. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या इंजिनाच्या पोटात किती मळी, म्हणजे ऑइलचा घट्ट झालेला काळा गाळ, साचली आहे, हे काम सुरू होण्याआधी बघायलाच हवं.

आधी ही मळी कशी होते ते समजून घ्या. एक लिटर डिझेल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते, थोडी पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात, उतरते. इंजिन चांगलं तापलं तर ती ब्रीदरच्या नळीवाटे निघून जाते. इंजिन गार असेल तर तिचं पाणी होऊन ऑइलमध्येच राहतं. त्यात काजळी आणि अर्धवट जळालेलं डिझेल मिसळतं. ही घाण तरंगत ठेवण्यासाठी ऑइलमध्ये जे घटक असतात, ते संपले की ती खाली बसून घट्ट होते. म्हणून ‘बॅटरी उतरू नये’ म्हणून आठवड्यातून एकदा पाच मिनिटं ट्रॅक्टर सुरू करून बंद करायची सवय सोडा. त्यानं इंजिनात दर वेळी थोडं पाणीच जमतं. सुरू करायचाच असेल तर अर्धा-पाऊण तास फिरवून आणा, नाहीतर बॅटरीची वायर काढून ठेवा.

डिझेल इंजिनाचं ऑइल काळं होणारच, नुसत्या काळ्या रंगाला घाबरू नका. ऑइल मोजायच्या पट्टीवरचं ऑइल दोन बोटांत चोळून बघा. चिकट, डिंकासारखी तार सुटत असेल किंवा हाताला कण लागत असतील, तर आत मळी आहे. ऑइलचे दोन थेंब तापलेल्या लोखंडी पत्र्यावर टाका. तडतडले तर त्यात पाणी आहे. पट्टीवरची पातळी न भरता वाढलेली दिसली तर ती आनंदाची गोष्ट नाही. ऑइल पातळ आणि डिझेलचा वास येत असेल तर पंप-नोझल तपासून घ्या. ते दुधाळ असेल आणि रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल, तर हेड पॅकिंग किंवा लायनरची रिंग गेली असण्याची शक्यता मोठी. हे मूळ दुखणं काढल्याशिवाय आतली सफाई करणं म्हणजे पैसे वाया घालवणं आहे.

खरं चित्र इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण, म्हणजे टॅपेट कव्हर, काढल्यावर दिसतं. कव्हरच्या आतल्या बाजूला पातळ काळा थर असेल तर ऑइल आणि फिल्टर बदलून भागेल. पण बोट फिरवल्यावर बुटाच्या पॉलिशसारखा लगदा निघत असेल, रॉकरच्या (झडपा उघडणाऱ्या दांड्यांच्या) खाचा बुजल्या असतील, ऑइल खाली परतायची भोकं दिसतच नसतील, तर चेंबर उतरवण्याला पर्याय नाही.

इथेच सगळ्यात मोठी चूक होते. जुनं ऑइल काढायचं, चेंबरमध्ये डिझेल किंवा रॉकेल ओतायचं, इंजिन फिरवायचं आणि सगळं काळं पाणी सोडून द्यायचं, हा उपाय गावोगावी सांगितला जातो. थोड्याशा मळीला तो चालून गेला असेल, पण जाड थर साचलेल्या इंजिनात तो घातक आहे. डिझेलनं थर विरघळत नाही, त्याचे पापुद्रे सुटतात. ते वाहत जाऊन ऑइल पंपाच्या जाळीला चिकटतात आणि पंपाला ऑइल मिळेनासं होतं. त्यात डिझेल पातळ असल्यानं क्रँकच्या बेअरिंगवर टिकाऊ थर राहत नाही. इंजिन आतून धुवायचं बाटलीतलं तयार फ्लशही एवढ्या मळीला नको. टर्बो असलेल्या इंजिनात तर टर्बोची बारीक ऑइल नळी सगळ्यात आधी बुजते.

काम हातानंच करायचं, वरून सुरू करून खाली उतरायचं. बऱ्याच ट्रॅक्टरचं चेंबर बिडाचं असतं आणि पुढच्या एक्सलचा भारही त्याच सांगाड्यावर असतो. म्हणून एकट्यानं जॅक लावून ते सोडवायच्या भानगडीत पडू नका, जाणकार मिस्त्रीकडूनच करून घ्या आणि आपण शेजारी उभे राहा. वरचा लगदा चमच्यानं किंवा लाकडी पट्टीनं काढताना परतीच्या भोकांत कापड कोंबा. सुटे केलेले भाग डिझेलनं धुवून, हवा मारून कोरडे करा. पुसायला सूत सुटणारा कापसाचा बोळा वापरू देऊ नका, तेच धागे पुढे जाळीत अडकतात. पंपाची जाळी उजेडासमोर धरून एकेक छिद्र मोकळं झाल्याचं स्वतः बघा. ब्रीदरची नळीही साफ करा. चेंबरच्या तळाला तांबूस किंवा चमकदार चुरा सापडला तर बेअरिंगचे शेल (आतल्या अर्धगोल पट्ट्या) काढून बघितल्याशिवाय इंजिन बांधू नका. जुना फिल्टर करवतीनं कापून त्याच्या घड्या उलगडून बघितल्या तरी हा चुरा दिसतो.

नवं पॅकिंग, नवा फिल्टर आणि हँडबुकात दिलेल्या ग्रेडचं ऑइल. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांना १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० चालतं. पहिल्यांदा सुरू करताना डिझेल बंद करणारी स्टॉपची दांडी ओढून ठेवा आणि दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, मध्ये थोडी उसंत द्या. असं तीन-चारदा केल्यावर ऑइल वरपर्यंत पोचतं. मग सुरू करा. दाबाचा दिवा दहा सेकंदांत विझला नाही, किंवा काटा उठला नाही, तर इंजिन लगेच बंद करा.

यानंतर लगेच खोल नांगरट किंवा भरलेली ट्रॉली नको. पहिले वीस-पंचवीस तास फण-पाळी, फवारणी अशी हलकी कामं करा. नवं ऑइल उरलेली मळी हळूहळू सोडवत फिल्टरमध्ये आणत असतं. फिल्टर भरला की त्याची बायपास झडप उघडते आणि घाण ऑइल न गाळताच बेअरिंगकडे जातं. त्यामुळे हे ऑइल कितीही चांगलं दिसलं तरी पंचवीस तासांनी इंजिन गरम असताना फिल्टरसकट बदला. पुढचा बदल पन्नास तासांनी, आणि मग हँडबुकाप्रमाणे. बऱ्याच ट्रॅक्टरांना ही मुदत २५० तासांची असते, पण धुळीत आणि ऊस वाहतुकीत ती तितकी ताणू नका. प्रत्येक बदलाचे तास ऑइलपेंटनं मडगार्डच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, ड्रायव्हर बदलला तरी हिशेब राहतो. ऑइल-बाथ एअर क्लीनर (हवा ऑइलमधून गाळणारा) असेल तर त्याच्या वाटीतला गाळ धुळीच्या दिवसांत रोज बघा.

काढलेलं काळं ऑइल बांधावर, ओढ्यात किंवा विहिरीच्या आसपास ओतू नका. जनावरांच्या जखमेला किंवा शिंगांनाही लावू नका, त्यात जड धातू आणि विषारी घटक असतात. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेल्या ऑइलचा समावेश आहे. झाकणाच्या कॅनमध्ये साठवा, पाणी मिसळू देऊ नका, आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे माल देणाऱ्या सर्व्हिस सेंटरला द्या.